पडीक जमिनीचं भरीत

धरणगावला मी गेलो तो भरितासाठी. पर्यावरणाचं नाव पुढे केलं, एवढंच. गुजरातच्या बंदरांतला माल उतरवायला इथे रेल्वेचा मोठा मालधक्का व्हायचा होता. त्याची जनसुनावणी होती, आणि सुनावणीनंतर कंपनीतर्फे जेवण.

स्टेशनवर माझे मित्र प्रकाशभाऊ मोटारसायकल घेऊन आले होते. रस्त्यात खड्डे असे, की मागे बसलेला मी दोनदा भाऊंच्या पुढे जाऊन बसलो.

मांडवात कंपनीचा सल्लागार अहवाल वाचत होता. बूट इतके चकचकीत, की त्यांत अख्खा सातपुडा दिसावा! म्हणाला, "प्रस्तावित जमीन पडीक आहे. पीक नाही, विहीर नाही."

मला वाटलं, मी चंद्रावरच उतरलो.

पहिल्या रांगेतल्या सुमनअक्का उठल्या. त्यातली चार एकर त्यांची. पडीक म्हणून नोंद झाली की सगळ्यांत आधी तीच जाणार. "साहेब, मना वावरमा (माझ्या शेतात) विहीर शे, वांगा शेतस!"

"हरकत लेखी द्या," सुनावणी घेणारे सरकारी साहेब म्हणाले. "आधी जेवून घेऊ."

पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजलेलं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी. पहिल्या घासाला माझ्या कानांतून असा धूर निघाला, की मालगाडी सिग्नल समजून थांबली असती. साहेबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. "वा! वांगी कुठली हो?"

स्वयंपाकी म्हणाला, "जवळ पडतं म्हणून सकाळी अक्कांच्याच शेतातून तोडून आणली."

अक्का म्हणाल्या, "ज्याले तुम्ही पडीक म्हंतस, त्याच वावरना वांगा शेतस या. बठ्ठा (सगळी) खाई टाकात, आते लिखाले काय व्हयनं?"

"आपोआप उगवली असतील," सल्लागार पुटपुटला.

साहेबांनी हात धुतले, कागद मागवला, लिहिलं: 'जमिनीत वांगी आढळली.'

"विहीरबी लिखा. पानी काय ढगमातून मी वढस?"

विहीरही लिहिली गेली.

मग सल्लागार गोड आवाजात म्हणाला, "अक्का, हे पीक साधारण कधी संपतं? पाहणी पुन्हा करावी लागेल, म्हणून विचारलं."

"तुम्ही येत राहशात, तवलोंग (तोवर) मी लावत राहसू," अक्का म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या.

परतीच्या गाडीत मी पोट धरून आडवा झालो. लोक लेणी बघायला जातात; मी सरकारी कागदावर वांगी उगवताना पाहिली. त्या कागदाला पाणी मात्र रोज घालावं लागणार, आणि तेही अक्कांनाच.