वडिलांच्या फोनचा पासवर्ड

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत मराठी टाईप करता येणारे पुष्कळ आहेत, पण दुसऱ्यासाठी टाईप करून देणारे एकटे माझे वडील होते. हे खूळ जुनं. इमारतीच्या जागी चाळ होती तेव्हापासून ते शेजारच्या बायकांची पत्रं लिहून द्यायचे. ते कारखान्यात कारकून होते. संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की कुणीतरी आंतर्देशीय घेऊन दारात उभी असायचीच. वडील लिहायचे, एकदा वाचून दाखवायचे, आणि तिच्यासमोर पत्र बंद करून तिच्याच हातात द्यायचे. सरकारी डिंकावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून वर भाताचं शीत लावायचे. पत्र स्वतः पेटीत त्यांनी कधी टाकलं नाही. लिहून झालं की विसरायचं, असा त्यांचा नियम होता.

मला त्या पत्रांत भारी रस. मी पुस्तक उघडं धरून कान तिकडे लावून बसायची, आणि नेमकं तेव्हाच वडील मला खाली काडेपेटी आणायला पिटाळायचे. आमच्या फडताळात काडेपेट्यांची रास साठली होती. मोठी झाल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "सांगणारी बाई नुसतं 'इकडे सर्व खुशाल' म्हणाली की समजायचं, खोलीत नको असलेलं माणूस आहे. त्याला आधी बाहेर काढायचं, मग पत्र." मी खूप हसले होते.

मग मोबाईल आले. पत्रं गेली, माणसं तीच राहिली. ज्यांना त्या इवल्या अक्षरांवर बोट चालवता येत नाही ती वडिलांकडे येऊ लागली. बोलून पाठवायची सोय आली, पण दोन खोल्यांत सून, नातवंडं बसलेली असताना मनातलं बोलणार कसं? वडील स्वतःच्या फोनवर मजकूर लिहायचे, वाचून दाखवायचे आणि त्या माणसाच्या फोनवर पाठवायचे. पुढे कुणाला धाडायचा ते ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे आमच्या इमारतीतून बाहेर पडणारा निम्मा मजकूर वडिलांच्या फोनवर जन्माला यायचा.

तळमजल्यावरच्या काकूंची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांची मुलगी शहाडला दिलेली. नवरा मारायचा. एकदा हात मोडला, तेव्हा ती तशीच निघाली आणि खडवलीला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. कुठे गेली हे फक्त काकूंना आणि माझ्या वडिलांना माहीत होतं. काकूंचा फोन त्यांचा मुलगा रोज तपासायचा. बहिणीने मुकाट्याने नांदावं असं त्याचं मत. म्हणून मुलीचे मेसेज वडिलांच्या फोनवर यायचे आणि काकू कढीपत्ता द्यायच्या निमित्ताने वर येऊन ते ऐकून जायच्या. दर वेळी म्हणायच्या, "भावजी, मागचाही एकदा वाचा ना." त्या 'मागच्या'साठी वडील काही पुसत नव्हते. आयुष्यभराचा नियम त्यांनी एका बाईसाठी मोडला. पत्र असतं तर ते काकूंच्या पेटीत साडीच्या घडीत गेलं असतं. फोनमधलं वडिलांकडेच राहिलं. मुलगी कुठे आहे ते मला सांगितलेलं नव्हतं, पण तिचे मेसेज त्या फोनवर येतात हे मी जाणून होते. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, ठाण्यात, खोपटच्या डेपोजवळ. हे सांगायलाही आता लाज वाटते. त्या दिवसांत टीव्हीवर रोज एकच भांडण चाललेलं असायचं. सरकारचं म्हणणं, मेसेज सर्वांत आधी कुणी पाठवला ते कंपनीने सांगितलंच पाहिजे. कंपनीचं म्हणणं, आमचे मेसेज कुलूपबंद जातात, किल्ली पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे, आम्हालाही वाचता येत नाहीत. एकासाठी कुलूप ढिलं केलं तर ते सगळ्यांचंच ढिलं होईल. जेवताना मी सरकारच्या बाजूने तावातावाने बोलायची. अफवा पसरवणारे पकडायचे नाहीत का? लहान मुलांचे नको ते फोटो फिरवणारे मोकळे सोडायचे? शेवटी मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "कर नाही त्याला डर कशाला?"

वडील ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपत म्हणाले, "भीती माझी नाही गं. लोकांनी ठेवायला दिलेली आहे."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही अजून चाळीतच राहता. ते हात धुवायला उठले. वादात जिंकल्यासारखं वाटून मी ताटं उचलली.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पिवळं पाणी यायला लागलं. इमारतीच्या सेक्रेटरींनी वडिलांना मेसेज सांगितला. पाणी उकळून प्या, आणि आपल्या वाटणीचे टँकर इथल्या पुढाऱ्याच्या नव्या टॉवरकडे वळतात ते कुणाच्या परवानगीने, एवढं विचारा. वडिलांनी लिहून दिला. तो गावभर फिरला, आणि फिरता फिरता कुणीतरी त्याला शेपूट जोडलं की पाण्याने दोन माणसं दगावली. पुढाऱ्याच्या माणसाने पोलिसांत तक्रार दिली. कंपनीकडून काही कळण्यासारखं नव्हतं, म्हणून पोलिसांनी माणसामाणसाला विचारत उलटं चालायला सुरुवात केली. तुला कुणी पाठवला? ह्याने. त्याला? त्याने. सगळ्यांनी झटपट बोटं दाखवली. सेक्रेटरींनीही दाखवलं. "मला त्यांच्याकडून आला," एवढंच म्हणाले, आणि खोटं म्हणाले नाहीत.

एका दुपारी वडिलांना चौकीत बोलावलं. मी शाळेतून परस्पर तिथे गेले, पिशवीत सराव परीक्षेचे न तपासलेले पेपर. टेबलामागचे साहेब अगदी अदबीने बोलत होते. बाजूच्या खुर्चीवर पुढाऱ्याचा तो तक्रार देणारा माणूस पाय पसरून बसला होता, चौकी घरचीच असल्यासारखा.

"काका, टेन्शन घेऊ नका. मेसेज ओरिजिनल कसा होता तेवढंच बघायचंय. फोन अनलॉक करून द्या."

"मजकूर मीच लिहिला," वडील म्हणाले. "दगावल्याचं माझं नाही. लिहून, सही करून देतो. फोन देणार नाही."

"का? काय आहे त्याच्यात असं?"

"दुसऱ्यांचं आहे."

"दुसऱ्यांचं म्हणजे? काका, आता तुम्हीच डाऊट आणताय हं."

असं अर्धा-पाऊण तास चाललं. वडील एकाच वाक्यावर अडून होते. इकडे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चौकीच्या दारातून ओळखीचं कुणी बघेल, शाळेत कळेल, बाबांना आत बसवतील, हेच डोक्यात. पासवर्ड मागायचा अधिकार त्यांना आहे का, कुठला कागद आहे का, हे मी विचारलंसुद्धा नाही. मूलभूत हक्क पोरांकडून घोकून घेणारी मी. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. समजवा ना ह्यांना. लपवण्यासारखं नाही तर प्रॉब्लेम काय आहे?"

वाक्य माझंच होतं.

मी वडिलांच्या हातातला फोन घेतला आणि पासवर्ड टाकला. माझ्या जन्मतारखेचे आकडे होते. फोन उघडला तसा तो मी टेबलावर ठेवला. वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

मेसेज दोन मिनिटांत सापडला. त्यात शेपूट नव्हतं, वडिलांचा काही गुन्हा नव्हता. तरी साहेबांचा अंगठा वर-खाली फिरतच राहिला, आणि खुर्चीवरचा माणूस पुढे वाकून बरोबरीने वाचू लागला. एका ठिकाणी तो म्हणाला, "थांबा थांबा साहेब, ही तर आमच्या शहाडवाल्याची बायको." साहेब म्हणाले, "जाऊ दे रे, आपल्याला काय करायचंय." त्यांनी फोन मिटून वडिलांना परत केला. आम्हाला चहासुद्धा विचारला.

रिक्षात मी सुटकेचा श्वास टाकला. वडिलांनी मात्र बसल्या बसल्या फोन काढून खडवलीला मेसेज केला, 'तिथून नीघ.' वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाच्या वेळी फोन जवळ ठेवू देत नाहीत. तिने तो वाचला तेव्हा नवरा आणि त्याचे दोन भाऊ फाटकाशी येऊन उभे होते.

तिला शहाडला परत नेलं. ती आजही तिथेच आहे. तिचा फोन काढून घेतलाय. बरी आहे असं तिचा भाऊ सांगतो.

दोन दिवसांनी काकू वर आल्या, कढीपत्ता न घेता. दारातच उभ्या राहिल्या. मला वाटलं ओरडतील, शिव्या देतील. मला ते हवं होतं. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं हो."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. एक पाऊल पुढे टाकून 'काकू, मी केलं' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. वडिलांनी माझ्याकडे न बघता हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, चूक माझ्याकडून झाली."

मी पुढे झाले नाही. आजपर्यंत झालेले नाही.

त्यानंतर वडिलांकडे कुणी आलं नाही. आलं असतं तरी त्यांनी लिहून दिलं नसतं. टीव्हीवरचं भांडण अजून मिटलेलं नाही. कंपनी कोर्टात, सरकार कोर्टात, तारखा पडतात. मला आता कुठलीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. कुलपं मोडायला सरकारला इतके कष्ट कशाला, प्रत्येक घरात माझ्यासारखं एक शहाणं माणूस असतंच. वर्गात कुणी विचारलं की मी पुस्तकातलं वाचून दाखवते आणि फळा पुसते.

गेल्या महिन्यात वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे फोन बघायला बंदी केली. त्यांच्या धाकट्या भावाचा गावाहून मेसेज आला होता, तो मी वाचून दाखवला. घर कसं आहे, मनाला कसं वाटतं, मागचं सारखं आठवत बसू नकोस, असं काकाने मायेने लिहिलं होतं. ह्या दोघांचे मेसेज नेहमी पानभर लांब. मी मोठ्या उत्साहाने फोन हातात घेऊन पलंगाशी बसले. एकदाचं काहीतरी बोलतील, माझ्यावरचा रागसुद्धा त्यात येईल, असं वाटलं होतं.

"सांगा बाबा, काय लिहू?"

डोळ्यावर हिरवी पट्टी, चेहरा छताकडे. मग म्हणाले, "लिही, इकडे सर्व खुशाल."

"आणि?"

"एवढंच."

खोलीत आम्ही दोघंच होतो.