शपथेवर सोडवलेलं घर

निजामाच्या राज्यात मी उमरग्यात घरांची दलाली करायचो. आमच्याकडं कागद उर्दूत, बोलणं मराठीत आणि घासाघीस कानडीत. मला तिन्ही भाषा यायच्या, म्हणून माझी चूल पेटायची. कुणी घर घ्यायला आलं की मी आधी भिंती बघायचो नाही, गहाण विचारायचो. घर कुणाकडं अडकलंय, गहाणखत कुठं आहे? ते हातात आल्याशिवाय पैसा सोडू नका, असं मी येईल त्याला बजावायचो. बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा गहाणच बरळताय." आणि नेमकी तिथंच मी माती खाल्ली.

गावात एक शिंपी होता. नवरा-बायको दोघंही मशीनवर बसत. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून ती दोघं टेकीला आली होती. त्यांच्यासाठी मी बाजारालगतचं दोन खणांचं घर काढलं. मालक सोलापूरला राहायला गेलेला आणि घर एका लिंगायत अडत्याकडं गहाण. ठरलं असं की शिंप्यानं गहाणाची रक्कम थेट अडत्याला द्यायची, अडत्यानं गहाणखत परत करायचं, आणि मग मालकानं विक्रीचा दस्त करून द्यायचा.

रक्कम दिली त्या दिवशी अडत्यानं पेटी उघडली, तर कागद नाही. "मळ्यातल्या घरी असंल. पुढल्या बाजारी देतो," म्हणाला. माझ्या कपाळावरची आठी त्याला दिसली असावी. त्यानं गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "ह्या घरावर माझा हक्क उरला न्हाय." झालं, माझं आणि शिंप्याचं तोंड बंद. लिंग हातात घेऊन बोललेल्या माणसाकडं पुन्हा कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मालकानं दस्त करून दिला, शिंपी घरात राहायला गेला. मी आज विचारू, उद्या विचारू म्हणत राहिलो. दोन महिन्यांनी अडत्या अचानक वारला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवून, हातात लिंग देऊन पुरलं.

त्याचा मुलगा हैदराबादेत शिकून आलेला. मळ्यातल्या पेटीत त्याला गहाणखत सापडलं, तसंच्या तसं. त्यानं मला बोलावून घेतलं. शपथेचं सांगितल्यावर तो म्हणाला, "माझ्यासमोर झालं न्हाय. कागदावर भरून पावल्याचं लिहिलेलं न्हाय. आता कचेरीत काय ते बोला." मला त्याचा संताप आला. पण तो माझीच शिकवण मला ऐकवत होता. कचेरीत गेलो असतो तर शिंप्याचं घर गेलंच असतं.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शिंप्याला सांगायचं धाडस होईना. शेवटी पुन्हा अडत्याच्या घरी गेलो आणि मुलापुढं हात जोडले. तो मान हलवत होता. तेवढ्यात आतल्या दारातून त्याची आई बाहेर आली. मी तिला कधी पुरुषांच्या बैठकीत आलेलं पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बापाला समाधीत बसवलं, तवा हातात काय दिलं व्हतं?" तिनं मुलाला विचारलं.

"लिंग."

"त्याच लिंगावर ते बोलले. म्या दाराआडून ऐकलंय. आता त्यांना तिथनं उठवून इचारतोस का?"

मुलगा उठला, गहाणखत आणलं, त्यावर उर्दूत लिहिलं की वडिलांना सगळं पावलं, आणि खाली सही केली. मला त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, पोटचा मुलगा समोर होता, आणि ती एका शिंप्यासाठी उभी राहिली. आयुष्यात मला माणसं फार चांगली भेटली. ती त्यात पहिली.

कागद घेऊन मी धावतच शिंप्याकडं गेलो. दारात पाय ठेवला आणि थबकलो. घरात सगळी गाठोडी बांधून ठेवलेली, मशीनसुद्धा गोणपाटात गुंडाळलेली.

"बाजारात कळलं आमाला," शिंप्याची बायको म्हणाली, "आठ दिस झाले."

"मग माझ्याकडं भांडायला का नाही आला?"

"तुमी वाटेत दिसला की मान खाली घालून जायचा, भाऊ. तुमाला आनखी काय बोलावं?"

मी कागद पुढं केला. चूक माझी होती, हेही सांगितलं. शिंप्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला. त्याला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं.

"म्याबी तिथंच व्हतो की," तो म्हणाला. "म्या तरी कुठं कागद मागितला?"

बायको म्हणाली, "बसा, चहा करते." आणि तिनं सगळ्यात मोठं गाठोडं सोडायला घेतलं, कारण पातेलं तळाशी होतं.