साहेब येईपर्यंत

शर्ट मागून ओढला गेला. दोनदा. म्हणजे गाडी आली.

मी अर्ध्या वाक्यात होतो. शहाडच्या चौकात हजारभर माणसं हसत होती, माझ्याच शब्दांवर. पक्षाचा सेक्रेटरी कानाशी लागला, "गुंडाळ. साहेब आले." गुंडाळलं. घोषणा दिली, रुमालाने माईक पुसला आणि स्टेजच्या पायरीवर जाऊन बसलो. वर सात खुर्च्या होत्या. एक रिकामी. तिच्यावर साहेबांची शाल ठेवली होती.

याला सभा धरणं म्हणतात. साहेबांसारखा मोठा पुढारी येईपर्यंत लोक उठू नयेत म्हणून कोणीतरी बोलत राहायचं. ऐंशीच्या दशकात विठ्ठलवाडीपासून आंबिवलीपर्यंत ते काम माझं. दोन-दोन तास धरायचो. नकला करायचो, विरोधी उमेदवाराला नकलेत मारायचो, उठवायचो, परत मारायचो! खोटं कशाला बोलू, मजा यायची. साहेब बोलायला लागले की लोक चहाला जायचे.

तरी ते येईपर्यंत मैदान भरलेलं असायचं, म्हणून साहेब खूश. एकदा पाहुण्यांना म्हणाले, "कोळ्याचं पोर आहे. मासे विकून गळा तयार झालाय." सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची अजून शिसारी येते.

मग आमच्याच कोळीवाड्यात सभा लागली. खाडीकाठी आम्ही होड्या ओढायचो, ती जागा साहेबांचा मेहुणा भराव टाकून बुजवत होता. रोज डंपर. माझी आत्या बाजारातून थेट येऊन पुढेच बसली. म्हणाली, "पोरा, आज तरी इचारशील ना रं त्याला?"

"विचारतो की."

स्टेजवर चढलो आणि तेव्हा लक्षात आलं. विचारणार कधी? साहेब नसतात तोवर मी बोलतो. ते आले की मी बंद. आठ वर्षांत माझ्या भाषणातलं एक वाक्य त्या माणसाच्या कानावर पडलं नव्हतं. आणि गावाला वाटत होतं, आपला माणूस साहेबांच्या शेजारी आहे. जाळ्यात शिरलेल्या माशालाही आधी पाणी मोकळंच वाटतं.

गाडी आली. शर्ट ओढला गेला. मी माईक सोडला नाही.

"गुंडाळ रे!"

"थांबा," मी माईकमध्येच म्हणालो. "साहेब, बसा. आज माझं भाषण ऐका. आमच्या होड्यांच्या जागेवर तुमच्या मेहुण्याचा भराव कोणाच्या परवानगीने पडतोय?"

सेक्रेटरीने वायर उपटली. मी तसाच ओरडून पुन्हा विचारलं. आत्या उभी राहिली. तिच्यामागे बायकांची अख्खी रांग.

साहेब बसले नाहीत. हसून म्हणाले, "दमलास तू. घरी ये, बोलू."

"घरी नाही. इथेच."

ते वळले, गाडीत बसले, गेले. आम्ही बाजूला होऊन गाडीला वाट दिली. सवयच होती.

साहेबांनी कबूल केलेलं निवडणुकीचं तिकीट गेलं. होड्यांची जागाही गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. पुढे दोनदा पडलो, नव्वदच्या दशकात महापालिकेत निवडून आलो, सत्तेत बसलो, बाहेरही फेकला गेलो. लोक विचारतात, एवढ्या वर्षांत पस्तावा कसला? ओरडल्याचा नाही. वाट दिल्याचा.

ती चूक पुन्हा नाही. आता जाब विचारायचा तर गाडीसमोर उभं राहून.