लेकरू वर, मी खाली

“ते इंजेक्शन देऊ नका,” मी जिन्याच्या तळातून वरडत व्हते आन वर कोनालाच ऐकू जाईना. रस्त्यावर गाड्या, शेजारच्या दुकानात मोठ्यानं गानं लागलेलं, आन मह्या लेकराला घेऊन सासू वर दवाखान्यात गेलेली. मी चाकाच्या खुर्चीत. पयल्या पायरीला चाकं टेकली, म्होरं जायला रस्ताच न्हाई.

सकाळपून लेकराला ताप व्हता. नांदूरघाटहून बीडला येताना जीपमधीच त्याला झटका आला. डोळे पांढरे केले, मुठी आवळल्या. जीप थांबायच्या आत सासूनं दार उघडलं आन पळतच जिना चढली. ड्रायव्हरनं मला खुर्चीत बसवलं आन गेला. मंग मला आठवलं. मागं कडा गावाला माहेरी असताना असंच तापात एक इंजेक्शन दिलतं तर लेकरू सगळं सुजलतं, व्हट निळे पडलते. तिथल्या डॉक्टरनी मह्याकून त्या इंजेक्शनचं नाव पाठ करून घेतलतं, म्हनले, ह्याला परत हे कदीच द्यायचं न्हाई. नाव मला एकटीला येतं. सासूला येवढंच म्हाईत की अंगावर काहीतरी उठलतं. तिच्याकडं फोन न्हाई. महे मालक, लेकराचे वडील, ट्रकवर, कुठं नागपूरकडं.

दवाखान्यातला कंपाउंडर खाली मेडिकलात आला. त्याला म्हनले, “दादा, मला वर न्या. डॉक्टरला सांगायचंय.”

“पेशंट कोन?”

“लेकरू.”

“लेकरू गेलंय की वर. मंग तुमी वर कशाला? बसा निवांत.”

“एक इंजेक्शन सोसत न्हाई त्याला.”

“डॉक्टरला कळतंय, बाई,” म्हनला आन माघारी दोन दोन पायऱ्या टाकत वर गेला. म्या सांगितलेलं त्यानं वर सांगितलं का न्हाई, देव जाने.

जिन्यापाशी दोघं उभे व्हते. एक म्हनला, “उचलू का ताई, खुर्चीसगट?” दुसरा म्हनला, “अबे, जिना केवढा, खुर्ची केवढी. मधीच अडकली म्हंजी तूच बस तिच्यात.” हसले दोघं.

मी खुर्चीतून खाली घसरले. जिन्याकडं पाठ केली आन हातावर जोर देऊन, बूड टेकवत एकेक पायरी चढायले. पाय मागून वढत यायलते. लोकं चपला जिन्यातच काढून जातात, त्या सारायच्या आन तिथंच बसायचं. साडी अडकली, फाटली. वरून एक म्हातारे उतरत व्हते, म्हनले, “पोरी, येवढी घाई कशाची? वर काय परसाद वाटायलेत का?”

“महं लेकरू हाय वर, बाबा. त्याला चुकीचं इंजेक्शन देतेल.”

त्यांचं त्वांडच उतरलं. “नाव सांग, मी सांगतो.” मी सांगितलं. ते म्हनले, “मला न्हाई बोलता यायचं ते. थांब, डॉक्टरलाच आनतो.” आन गुडघ्यावर हात ठिवून परत वर चढले.

डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी आले. मी खाली पायरीवर बसलेली. नाव सांगितलं. ते तसेच वळून आत पळाले. तेच इंजेक्शन व्हतं. भरलं व्हतं, टोचलं नव्हतं.

दुसरं औषध दिलं, लेकरू शांत झालं. मंग डॉक्टर मला म्हनले, “असलं काही असलं तर आधी सांगायचं असतं, बाई.”

मी म्हनले, “कुठून सांगू, साहेब?”

ते म्हनले, “इमारत भाड्याची हाय हो. म्होरच्या येळेला तुमी गाडीतच बसा, मी सवता खाली येऊन बघत जाईन.” सासूनं हात जोडले. सगळे म्हनले, केवढा मोठा मानूस.

दोन दिवस लेकराला ठिवून घेतलं. मी वर कॉटवर, खुर्ची खाली. संडासाला जायचं तर सासूनं वढत न्यायचं, म्हनून मी पानीच पेयाचं सोडलं.

महा भाऊ बीडला कोर्टात एका वकिलाकडं कामाला हाय. भेटायला आला, सगळं ऐकलं. म्हनला, “अक्का, दिव्यांगांचा कायदा हाय. खासगी दवाखाना, दुकान, हॉटेल, सगळ्यायला लागू. जिथं लोकायला सेवा देतात तिथं तुही खुर्ची आत गेली पायजे. भाड्याची इमारत म्हनून सुटका न्हाई. पुण्याला त्याचे आयुक्त हायेत, त्यांच्याकडं तक्रार करू.”

मी म्हनले, “ते खाली येतो म्हनलेत की.”

“आन वर झटका आलेलं दुसरं लेकरू असलं तर येतेल का तुह्यासाठी खाली? हे त्यांच्या मनावर न्हाई ठिवायचं, अक्का. हक्क हाय तुहा.”

तक्रार लिहून आनली त्यानं, खाली फक्त मही सही पायजे. सासू म्हनली, “ज्यानं नातू वाचवला त्याच्यावरच केस करती का गं? त्वांड कुठं दाखवू मी?” मालक फोनवर म्हनले, “भानगड नको. लेकरांचा येवढा चांगला डॉक्टर हितं दुसरा कोन हाय?” खरंच न्हाई. हात चांगलाय त्यांचा, बोलनं चांगलंय. लेकराला ताप आला की झटका परत येऊ शकतो, असं त्यांनीच सांगितलंय. परत त्यांच्याकडंच जावं लागनार. आन डॉक्टर रागावले, मन लावून बघितलंच न्हाई तर? आन सही न्हाई केली, तर परत मी त्याच पायरीला टेकून वरडत बसनार, आन त्या दिवशी जिन्यात कोनीच भेटलं न्हाई तर?

काल भाऊ परत आलता. म्हनला, सही कर न्हाईतर न्हाई म्हन, मला सांग तरी. मी लेकराच्या कपाळाला हात लावून बसले.

तुमी मह्या जागी असतात तर काय केलं असतं? सही केली असती का?