कंडक्टर अक्का गोलमध्ये

धुळे-पारोळा बसच्या आमच्या कंडक्टर अक्का कधी ओरडत नसत. त्यांनी नुसती भुवई उंचावली की दारातली गर्दी आत सरके. पूर्वी त्या पारोळ्याच्या महिला फुटबॉल संघात गोलकीपर होत्या. यंदा अंतिम सामन्याआधी संघाची गोलकीपर जखमी झाली आणि बसमध्ये वाद पेटला.

"अक्कांनी परत उतरावं," मी म्हणालो.

"आते पन्नाशीमा? हासू व्हई!" रोजचे प्रवासी नाना म्हणाले.

अक्कांनी घंटी वाजवली. "नाना, तुमना स्टॉप उना. रविवारे मैदानवर या."

रविवारी धुळ्याची शेवटची पेनल्टी अक्कांनी झेप घेऊन छातीशी कवटाळली आणि कप पारोळ्याचा झाला. सगळ्यांच्या आधी नाना धावले. "अक्का, लागनं का?"

"बठ्ठं आंग दुखी ऱ्हायनं," मातीत पडल्या पडल्या अक्का खदखदून हसल्या, "पन पुढला वरीसले बी मीच उभी ऱ्हासू!"