तळहात तेवढा माझा

माझ्या गळ्यात काही नाही, हे आमच्या नात्यागोत्यात कुणाला कळू नये म्हणून माझ्या आईनं उभा जन्म खपवला. आम्ही लिंगायत. आमच्याकडे मूल पाळण्यात असतानाच त्याला इष्टलिंग, म्हणजे त्याचं स्वतःचं छोटंसं शिवलिंग मिळतं आणि दोऱ्यात अडकवलेल्या चांदीच्या डबीतून ते मरेपर्यंत गळ्यात राहतं. रोज अंघोळ झाली की डाव्या तळहातावर ते घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, टक लावून बघत बसायचं, आणि मगच तोंडात घास घालायचा. मी कॉलेजात असताना एका सकाळी ती डबी आईच्या पुढ्यात ठेवली. कुठलं पुस्तक वाचून नव्हे, कुणाशी भांडूनही नव्हे. तळहातावर देव आणि डोक्यात पोहे, हे नाटक मला जमेना, एवढंच.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर सीमेकडचं, घरात निम्मं कानडी. अव्वा खूप रडली. मग ती डबी जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि मला म्हणाली, "घरात काय बी कर. भाईर बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हापासून लग्नकार्यात कुणी माझ्या गळ्याकडे बघितलं की अव्वा मध्ये पडायची. "नोकरीची धावपळ. दोरा तुटलाय, नवा घालायचाय." तो दोरा वर्षानुवर्षं तुटलेलाच राहिला. मी हसण्यावारी न्यायची, पण लागायचं. देव नाही म्हणायची मला कधी लाज वाटली नाही. तिला माझी लाज वाटते, याचं वाईट वाटायचं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर ती कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आली; मी इथल्या कॉलेजात शिकवते. आम्ही दोघीच. सकाळी ती पूजेला बसायची, मी पेपर वाचायची. एकमेकींच्या वाटेला जायचं नाही, असा न बोलता झालेला करार होता. गेल्या वर्षी दूध आणायला गेलेली अव्वा जिन्यावरून घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. डावा तळहातच उरला नव्हता, म्हणजे पूजा नाही, आणि पूजा नाही म्हणजे जेवण नाही. तिला साखरेचा त्रास. गोळी उपाशीपोटी चालत नाही.

"उजव्या हातावर घे," मी म्हटलं, "पाणी मी घालते."

"जेवायच्या हातावर?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी फोन हातात घेतला.

मठातल्या स्वामींना फोन लावून दिला. त्यांनी समजूतदारपणे सांगितलं, बरं वाटेपर्यंत मनातल्या मनात पूजा करा. फोन ठेवून अव्वा म्हणाली, "त्यास्नी काय जातंय म्हणायला. माझं मन धा ठिकाणी हिंडतंय. त्याला धरून बसवायलाच तर हातावर घ्यायचं असतंय."

दुपारपर्यंत वारणानगरहून भाऊ आणि वहिनी आले. वहिनी पूजेची पक्की. "मी धरते की, अव्वा," ती म्हणाली. अव्वानं मान हलवली. "तुझ्या हातावर तुझं लिंग बसतंय. एका हातावर दोघांचं कसं बसवायचं?" वहिनीला ते पटलं, मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मी चिडून म्हणाले, "मग आता काय, उपाशी मरतीस?"

अव्वा माझ्या हाताकडे बघत होती. "तुझा हात रिकामाच हाय की," ती म्हणाली.

भाऊ खिडकीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "अव्वा, मी न्हाय मानत. उगं मानल्यागत बसायला मला जमायचं न्हाय."

"मानू नकोस. हात हलवू नकोस म्हंजे झालं."

त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसायला लागलो. माझ्या तळहातावर तिचं लिंग, तिच्या उजव्या हातात पाणी. मला काही साक्षात्कार झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. हाताला मुंग्या यायच्या आणि कॉलेजला उशीर व्हायचा. देव आहे की नाही याचं माझं उत्तरही बदललं नाही. पण इतक्या जवळून तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. त्या काळ्या दगडाकडे बघताना ती दुखणं, गोळ्या, भावाची बदली, मी, सगळ्यांना बाजूला ठेवून थोडा वेळ एकटी बसायची. आम्हा न मानणाऱ्यांना असं बसायला सबब मिळत नाही. मला तिचा हेवा वाटला.

मग एका रविवारी सकाळी गडहिंग्लजहून आत्या तिला बघायला आली. अप्पांची ही थोरली बहीण म्हणजे आमच्या भावकीचं आकाशवाणी केंद्र. दार उघडंच होतं. पूजा अर्ध्यावर, आणि आत्या उंबऱ्यात उभी राहून बघतेय. तिचे डोळे भरून आले.

"आली गं बाई पोर मार्गाला! आता नवा दोरा तेवढा घाल म्हणावं."

मला हलता येत नव्हतं. मी अव्वाकडे बघितलं. इतकी वर्षं जे खोटं तिनं जिवापाड सांभाळलं, ते आयतंच खरं होऊन दारात उभं होतं. तिनं नुसतं हसायचं होतं. मी काही बोलले नसते. तिचं सुख हिरावून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

अव्वानं हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"दोरा कशाला? तिच्या गळ्यात लिंगच न्हाय. कॉलेजात हुती तवापासनं न्हाय. देव मानत न्हाय ती."

आत्या भिंतीला टेकली. "मग ह्ये काय चाललंय?"

"हात मागितलता मी. रोज देतीया. आनी काय पायजे?" अव्वानं पुन्हा भांडं उचललं. "बसा वन्सं. एवढं झालं की च्या ठेवते ती."

माझ्या तळहातावरचं पाणी सांडायला लागलं होतं.

"हलवू नकोस म्हटलं की," अव्वा म्हणाली, आणि तिनं आपला प्लास्टरचा हात माझ्या हाताखाली टेकवला.