ले-ऑफ, पुल्लिंगी

कसबा पेठेतले दामले सर शाळेतून निवृत्त झाले आणि एका शब्दकोशासाठी नवे शब्द गोळा करू लागले. कोशाची दरवर्षी पुरवणी निघायची. शब्दांसाठी सरांना घराबाहेर पडावं लागत नसे. मुलगा सलिल आयटीत. घरून काम करताना दिवसभर फोनवर बोलायचा. सर त्याच्या दाराशी पेपर घेऊन बसत. 'बेंच'चा नवा अर्थ त्यांना तिथेच मिळाला : नोकरी आहे, पण हाताला काम नाही. संपादकांनी शब्द लगेच घेतला. बेंचवर कोण बसलंय, हे विचारायचं मात्र सरांना सुचलं नाही.

गणपती उठले त्या आठवड्यात सलिल जेवताना बायकोशी, स्पृहाशी, हळू आवाजात काही बोलत होता. सरांच्या कानावर 'ले-ऑफ' पडलं.

"तो ले-ऑफ की ते ले-ऑफ?" त्यांनी विचारलं.

सलिलने हातातला घास खाली ठेवला. "मला ले-ऑफ झाला, बाबा. म्हणजे पुल्लिंगीच."

सरांनी मान डोलावली. मुलाची नोकरी गेली, हा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत सलिल ताटावरून उठून गेला होता.

सकाळी ते त्याच्या खोलीशी गेले. तो मुलाखतीसाठी लॅपटॉपसमोर बसला होता; त्याने हातानेच थांबवलं. पुढे तो फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागला. पुरवणीची मुदत संपत आली, तेव्हा हा शब्द वगळावा असं सरांच्या मनात आलं. पण इतकं जिवंत उदाहरण दुसरं कुठून आणणार? त्यांनी तो पाठवला.

सलिलला इंदूरला नोकरी मिळाली, आधीपेक्षा खालच्या पदावर. दोघं गेली. नंतर पुरवणीचं प्रकाशन झालं. अध्यक्षांनी भाषणात नेमकं तेच उदाहरण वाचून दाखवलं, सरांना शाल दिली.

घरी सरांच्या पत्नी आनंदीबाईंनी ते पान वाचलं. 'मला ले-ऑफ झाला.' त्यांनी चष्मा काढला.

"पोराचं एवढं एकच वाक्य ऐकलंत," त्या म्हणाल्या, "तेही छापायला दिलंत."

सरांनी सलिलला फोन लावला. स्पृहाने उचलला, तो कामात आहे म्हणाली.

अजूनही तो कामातच असतो. रविवारी आईला फोन करतो. सर जवळ येऊन बसले की आनंदीबाई "बरं, ठेवते" म्हणतात.